ळ

नाशिकहून दोघं आले. एकाच्या हातात टेप,
दुसऱ्याकडे छापील प्रश्न.
प्रश्न सातवा: त्यांच्या हातून एखादा चमत्कार घडला का?

साहेब, आधी चहा घ्या. दूध शेळीचं आहे, वास येईल.
मी नबाब गुलशेर तडवी, राहणार जांभळपाडा, तालुका यावल.
शुक्रवारी मशिदीत जातो,
आणि पावसाळा सरला की ओडिलो फादरच्या कबरीला
चुना मीच मारतो.
यात अडचण असेल तर तसं लिहून घ्या.

चमत्कार म्हणाल तर, त्याला ळ येत नव्हता.
बर्फाच्या मुलखातला माणूस, सहा भाषा पोटात,
पण जिभेला तेवढं वळण बसेना.
गावाला म्हणायचा जांभलपाडा.
एकदा बांधावर उभा राहून विचारलं, "हा मला कुणाचा?"
पाटील दचकून म्हणाला, "तुला नाही, माझा!"

ळ तर आम्हालाही नव्हता.
आमच्या तोंडी डोया, शाया, केयी, काया कावया.
पुराणिक गुरुजी एकेका 'य'ला एक छडी द्यायचे.
सुजलेले तळवे घेऊन मी दवाखान्यात गेलो.
"कशाबद्दल?"
सांगितलं.
फादरनं जोड्याची नाडी सोडली, पुन्हा बांधली,
म्हणाला, "मग मला पन मारा."
आणि दुसऱ्या दिवशी खरंच येऊन बसला
तिसरीच्या वर्गात, आमच्या बस्करावर, गुडघे कानाशी,
हात पुढे करून.
गुरुजींनी छडी उचलली नाही.
सोमवारपासून उचलली.

संत करताय, तर हेही लिहा: त्याला राग यायचा.
भुकटीच्या दुधाचा डबा मी पळवला
तेव्हा अशी कानफटात दिली की कान दोन दिवस वाजत होता.
तिन्हीसांजेला आमच्या दारात आला,
उंबऱ्याबाहेर बसला. माफी मागायची होती,
शब्द आठवेना.
आईनं भाकरी आणि ठेचा पुढे सरकवला.
ठसका लागून डोळ्यांत पाणी येईतो खात राहिला.
शब्द सापडला नाही तो नाहीच.

त्या काळी पाड्यात घरोघरी खुपऱ्या.
पोरांच्या पापण्यांवर माशा अशा,
जणू तिथंच जन्मल्या.
तो पहाटे पाणी उकळायचा, निववायचा,
कापूस घेऊन निघायचा.
लेवा पाटलांच्या ओट्यावर, पावऱ्यांच्या झोपड्यांत,
शेवटी आमच्याकडे,
कारण आईशी रोज थोडं भांडायला वेळ लागे.

आईचे डोळे वाचले नाहीत. हे नीट लिहा.
ती आंधळी झाली, चौदा वर्षं आंधळी जगली.
तो येतच राहिला. तेच पाणी, तोच कापूस.
मला मिसरूड फुटलेलं. एकदा चिडून बोललो,
आता कशाला धुता? काय दिसणार आहे तिला?

त्यानं कापूस पिळला.
"धूल तर बसते ना, नबाब."

यावर त्यांनी टेप बंद केला.
छापील प्रश्नाखालची जागा
बहुतेक मोकळीच राहिली.

महिन्यानं टंकलेला कागद आला, सहीसाठी.
रोमला जाणार म्हणे. भाषा एकदम इस्तरीची.
डोळे, शाळा, केळी, सगळे ळ जागच्या जागी,
आणि त्याच्याही तोंडी स्वच्छ, शुद्ध: धूळ.

नातीची लाल पेन्सिल घेतली.
त्याच्या धूळमधला ळ खोडला, वर ल काढला,
जरा वाकडाच आला.
मग खाली गेलो, आईच्या ओळीत,
'डोळे' होतं, ते 'डोये' केलं.
तिनं दुसरं काही कधी म्हटलंच नव्हतं.

बाकीचे ळ राहू दिले.
ते मी छड्या खाऊन मिळवलेत.